शेजाऱ्यांच्या यादीत सापडलेलं घर

लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेने ज्या घरात जगभरच्या मुलांना नेलं, ते घर नेमकं कुठे होतं हे तिला स्वतःला कधीच सापडलं नाही. ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ १९३५ साली निघालं. कॅन्ससच्या गवताळ माळावर, इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर, बाप ओंडके तासून घर उभं करतो, विहीर खणतो, आणि मुली डोळे विस्फारून बघत राहतात. त्या मुलींपैकी मधली म्हणजे लॉरा. पुस्तकासाठी ती आणि तिची मुलगी रोझ ही जागा हुडकायला निघाल्या. घरात ऐकलेले चाळीस मैल त्यांनी प्रमाण मानले. पण इंडिपेंडन्सपासून दक्षिणेला चाळीस मैल गेलं तर माणूस कॅन्ससची हद्द ओलांडून ओक्लाहोमात पोचतो. मायलेकी तिथेच शोधत बसल्या.

लॉरा १९५७ साली वारली. घर सापडलं ते त्यानंतर, इंडिपेंडन्समधल्याच एका अभ्यासू बाईंना, आणि तेही बहुतांशी कागदपत्रांतून. ते कसं सापडलं, हे मला मूळ कादंबरीपेक्षाही चित्तथरारक वाटतं.

पहिला दुवा घरातलाच होता. त्या काळी अमेरिकन कुटुंबांच्या बायबलमध्ये जन्म, लग्नं आणि मृत्यू टिपायची कोरी पानं असत. इंगल्स कुटुंबाच्या बायबलमध्ये तिसरी मुलगी कॅरी हिचा जन्म ३ ऑगस्ट १८७०, ठिकाण मॉन्टगोमेरी काउंटी, कॅन्सस, असा लिहिलेला आहे. एवढ्या एका ओळीने ओक्लाहोमा बाद झालं.

दुसरा दुवा १८७० च्या जनगणनेचा. कॅरीच्या जन्माच्याच महिन्यात सरकारी प्रगणक या काउंटीतल्या रटलँड टाउनशिपमध्ये दारोदार फिरत होता. त्याच्यापाशी छापील रकान्यांचे मोठे ताव: नाव, वय, धंदा, जमिनीची किंमत, जन्माचं राज्य, लिहिता-वाचता येतं का. नाव कानावर पडेल तसं लिहायचं, म्हणून अशा यादीत एकच आडनाव तीन तऱ्हांनी सापडतं आणि शोधणाऱ्याला मुकाट्याने तिन्ही तऱ्हा तपासाव्या लागतात. या तावांवर इंगल्स कुटुंब आहे, पण पत्ता नाही. उघड्या माळावर पत्ता असणार तरी कुठला?

मग त्या बाईंनी इंगल्सांचा नाद तात्पुरता सोडला आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या मागे लागल्या. प्रगणक एका दारातून निघाला की पुढच्या जवळच्या दाराशी जातो, म्हणजे यादीतला क्रम हा त्याच्या वाटेचा क्रम. पुढे ही जमीन सरकारने विकायला काढली तेव्हा यातल्या बऱ्याच शेजाऱ्यांनी आपापला तुकडा रीतसर नावावर करून घेतला आणि त्याच्या नोंदी राहिल्या. इंगल्स तोवर निघून गेले होते, त्यामुळे त्यांची नोंद नाही. शेजाऱ्यांचे तुकडे एकेक करून नकाशावर बसवत गेल्यावर, जिथे त्या काळात दुसऱ्या कुणाचंच नाव लागत नाही अशी एक जागा उरली. तिथे हाताने खणलेली एक जुनी विहीरही होती. इंडिपेंडन्सपासून अंतर जेमतेम तेरा-चौदा मैल. १९७७ साली तिथे घराची प्रतिकृती उभी राहिली. वंशावळ शोधणाऱ्या जाणत्या मंडळींचा हा आवडता डाव आहे: माणूस सापडत नसेल तर त्याचा शेजारी, मेहुणा, साक्षीदार शोधा.

हे नकाशावर बसवणं शक्य झालं ते अमेरिकेच्या जमीनमोजणीमुळे. सरकारी जमीन विकायच्या आधी मुलूख साखळ्या लावून चौकटीत कापलेला असे. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, आणि त्याचा पाव तुकडा म्हणजे १६० एकर, एका कुटुंबाचं शेत. आपल्या सातबाऱ्यावरचा गट बांधाच्या वळणाने जातो. इथे ओढा मध्ये येवो की टेकडी, रेघ सरळच. कुठल्याही शेताचं वर्णन अर्ध्या ओळीत मावतं आणि आजही बिनचूक सापडतं.

त्या १८७० च्या यादीत आणखी एक माणूस भेटतो. कादंबरीत सगळं घर थंडीतापाने अंथरुणाला खिळतं तेव्हा एक काळा डॉक्टर येऊन त्यांना वाचवतो. गोष्टीच्या सोयीसाठी योजलेलं पात्र वाटावं असा त्याचा प्रवेश आहे. पण जनगणनेत डॉ. जॉर्ज टॅन इंगल्सांच्या शेजारात हजर आहेत! पेनसिल्व्हेनियात जन्मलेला हा डॉक्टर पुढे त्याच भागात राहिला आणि १९०९ साली वारला. त्याची कबर इंडिपेंडन्समध्ये आहे.

प्रगणकाने एक गोष्ट मात्र अशी नोंदवून ठेवली, की ती वाचल्यावर कादंबरी पूर्वीसारखी वाचता येत नाही. ही जमीन ओसेज या मूळ रहिवासी जमातीची आहे, वस्तीकरांचा तिच्यावर कसलाही मालकीहक्क नाही, असं त्याने लिहिलं. म्हणजे घर, विहीर, नांगरट, सगळं दुसऱ्याच्या जमिनीवर चाललेलं होतं. कादंबरीत सरकार सैनिक पाठवून वस्तीकरांना हुसकणार या बातमीने चिडून बाप घर सोडतो. कायद्याचं पुस्तक वेगळं सांगतं. १५ जुलै १८७० च्या कायद्याने ओसेजांची जमीन वस्तीकरांना एकरी सव्वा डॉलरने विकायचं ठरलं होतं, आणि हटावं लागलं ते ओसेजांना. इंगल्स १८७१ साली निघाले त्याचं एक कारण विस्कॉन्सिनच्या जमीनदप्तरात आहे. तिथलं आपलं शेत त्यांनी विकलं होतं, खरेदीदाराला पैसे फेडता आले नाहीत आणि शेत परत त्यांच्या गळ्यात पडलं.

विस्कॉन्सिनहून कॅन्ससला येताना वाटेत मिसूरी राज्यही लागतं, आणि लॉराच्या पुस्तकांत त्याचा मागमूस नाही. शॅरिटन काउंटीच्या खतांत मात्र लॉराचा बाप चार्ल्स इंगल्स आणि त्याचा मेहुणा हेन्री क्वायनर यांनी १८६८ साली जमीन घेतल्याची नोंद आहे. सगळे कागद एका रेषेत मांडले की पुस्तकांचा क्रमच उलटतो. विस्कॉन्सिनच्या रानातल्या घराचं पुस्तक आधी निघालं आणि कॅन्ससचं नंतर, पण पहिल्यातले दिवस कॅन्ससहून परतल्यानंतरचे आहेत. लॉराचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ चा. कॅन्ससमध्ये ती दोन ते चार वर्षांची होती. तिथली इतकी ठसठशीत वर्णनं आईबापांच्या नि बहिणीच्या तोंडून ऐकलेली असणार, हे उघड आहे.

या कुटुंबाचा मला सगळ्यात अस्वस्थ करणारा कागद मिनेसोटातला आहे. वॉलनट ग्रोव्हजवळ चार्ल्सने गहू पेरला आणि टोळधाडीने तो फस्त केला, हे लॉराने लिहिलं आहे, आणि फार चांगलं लिहिलं आहे. रॉकी पर्वताकडून येणारा हा टोळ पुढे काही दशकांतच समूळ नष्ट झाला, त्याचा शेवटचा जिवंत नमुना १९०२ सालचा. पण एक गोष्ट लॉराने लिहिली नाही. ३० नोव्हेंबर १८७५ ला चार्ल्स इंगल्स रेडवुड काउंटीच्या कचेरीत गेला आणि आपल्यापाशी काहीही साधन उरलेलं नाही अशा प्रतिज्ञेखाली त्याने सही केली. त्या सहीवर त्याला पिठाची दोन अर्धी पिंपं मिळाली, किंमत पाच डॉलर पंचवीस सेंट. पुस्तकातला बाप कुणाचं देणं अंगावर ठेवत नाही, कुणापुढे हात पसरत नाही. बापाचा हा कागद लॉराला माहीत होता की नव्हता, कोण जाणे. सरकारी दप्तर मात्र असलं काही विसरत नाही.

त्या सहीच्या चारच आठवडे आधी, १ नोव्हेंबरला, घरात मुलगा झाला होता. चार्ल्स फ्रेडरिक, लाडाने फ्रेडी. पुढच्या वर्षी २७ ऑगस्टला तो गेला. देशाची जनगणना दहा वर्षांनी होते, एक १८७० साली झाली आणि दुसरी १८८० साली. फ्रेडी या दोहोंच्या मध्येच आला आणि गेला, त्यामुळे तो कुठल्याच यादीत नाही. लॉराच्या कादंबऱ्यांतही नाही. त्यानंतर कुटुंब आयोवातल्या बर ओकला राहिलं, तिथे धाकटी ग्रेस जन्मली; तेही पर्व कादंबऱ्यांतून गळालं. लॉराने १९३० साली आत्मचरित्र लिहिलं, पण त्याला प्रकाशक मिळाला नाही. ते टिपांसह छापून आलं २०१४ साली, आणि त्यात फ्रेडी नि बर ओक दोन्ही आहेत. अशा हरवलेल्या मुलांसाठी शोधक १९०० च्या जनगणनेकडे धाव घेतात, कारण तिच्यात प्रत्येक आईला दोन रकाने होते: किती मुलं झाली, आणि त्यांतली किती जिवंत आहेत.

१८८० साली इंगल्स कुटुंब डाकोटात, डी स्मेट गावात सापडतं. घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना याच जनगणनेत पहिल्यांदा आला. त्याआधीच्या यादीत एका छपराखाली राहणारी बाई बायको, बहीण की मोलकरीण, हा अंदाजाचाच मामला. १८९० च्या तावांवर अवघ्या सव्वासहा कोटींच्या आसपास माणसांची नावं होती. वॉशिंग्टनमध्ये तळघराला आग लागली, काही जळलं, बरंच पाण्याने भिजलं, आणि उरलेलं पुढे सरकारनेच नष्ट केलं. आज सहा हजारांच्या वर थोडीच नावं शिल्लक आहेत. आगीची तारीख १० जानेवारी १९२१. चार्ल्स इंगल्सचा वाढदिवस १० जानेवारी, आणि थोरली मुलगी मेरी हिचाही तोच. याला काही अर्थ नाही, पण दप्तरं चाळणाऱ्या माणसाला असल्या योगायोगांची चटक लागते.

ती पोकळी काही अंशी भरून निघते होमस्टेडच्या फायलींनी. १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळे, पण तिथे पाच वर्षं राहून ती कसल्याचं सिद्ध करावं लागे. चार्ल्सने १८८० साली डी स्मेटजवळच्या तुकड्यासाठी अर्ज केला आणि १८८६ साली तो कायम करून घेतला. अशा फायलीत अर्जदाराची आणि साक्षीदारांची जबानी असते: घर केवढं, किती एकर मोडले, घरात माणसं किती, मध्ये कधी बाहेर राहिलात. राष्ट्रीय अभिलेखागारात अशा फायली ढिगांनी आहेत, आणि जनगणनेने न विचारलेलं खूप काही त्यांत मिळतं.

लॉराचा नवरा अलमान्झो याचंही एक त्रांगडं आहे. अर्ज करायला एकवीस वर्षं पुरी लागत. कादंबरीत तो एकोणिसाव्या वर्षी वय वाढवून जमीन मिळवतो. त्याच्या थडग्यावर जन्मसाल १८५७ आहे. ते खरं मानलं तर त्याने १८७९ साली अर्ज केला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, आणि खोटं बोलायची गरजच नव्हती. कादंबरी खोटी की दगड, यावर अभ्यासक अजून भांडतात. माझं मत विचाराल तर दगडावरही आंधळा विश्वास नको. तोही कुणीतरी मागाहून सांगूनच कोरलेला असतो.

मागे मागे जावं तसं अवघड होत जातं. १८५० पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बायका-मुलं म्हणजे नुसते आकडे. तिथे मृत्युपत्रं आणि चर्चची पुस्तकं कामी येतात. त्यांच्या आधाराने ही साखळी मॅसॅच्युसेट्समध्ये १६२९ च्या सुमारास आलेल्या एडमंड इंगल्सपर्यंत पोचते. १६९२ साली सालेमच्या चेटूक-खटल्यात फासावर गेलेली मार्था कॅरियर ही याच एडमंडची नात. असल्या काउंटी-दप्तरांच्या मायक्रोफिल्म काढण्यात सॉल्ट लेक सिटीच्या, १८९४ साली स्थापन झालेल्या, मॉर्मन पंथाच्या वंशावळ-संस्थेचा फार मोठा वाटा आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या फिल्मही याच संस्थेने काढल्या आहेत.

ओसेज मात्र १८७० च्या जनगणनेत नाहीत. कर न भरणारे इंडियन मोजायचे नाहीत, असा नियमच होता. कादंबरीतही त्या मुलखात माणसं नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचं वाक्य होतं. एका वाचकाने ते दाखवून दिल्यावर १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसं’च्या जागी ‘वस्तीकर’ आलं. १८७० चा प्रगणक निदान जमीन कुणाची हे तरी स्पष्ट लिहून गेला होता.

इंगल्सांइतकी कसून शोधलेली वंशावळ अमेरिकेतल्या फार थोड्या वस्तीकर कुटुंबांना लाभली असेल. हा सगळा शोध परक्यांनी घेतला आहे, कारण घरचं कुणी उरलेलंच नाही. मेरीने लग्न केलं नाही. कॅरी आणि ग्रेसला मूल झालं नाही. लॉराचा मुलगा तान्हेपणीच गेला. रोझचं मूल जन्मतःच दगावलं, आणि १९६८ साली ती स्वतः वारल्यावर चार्ल्स इंगल्स आणि त्याची बायको कॅरोलाइन यांचा वंश संपला.