फोन कोणाचा, निरोप कोणाचा

मारुंजी कागदोपत्री अजून खेडंच आहे. मुळशी तालुक्यातल्या या गावाशेजारी, हिंजवडी आणि माणमध्ये राजीव गांधी इन्फोटेक पार्क पसरला, तसे मारुंजीच्या शेतांवर टॉवर उभे राहिले. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहिला. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, गहुंजे आणि सांगवडे ही सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत, ही मागणी वर्षानुवर्षं लोंबकळत आली आहे. २०२५च्या पावसाळ्यात इथले रस्ते तुंबले, तेव्हा आयटी कर्मचाऱ्यांनी ‘अनक्लॉग हिंजवडी आयटी पार्क’ ही ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या सकाळी पाहणीला आले.

इथं फोनवरच्या मोहिमेने सरकारचं लक्ष वेधलं. याच राज्यात सात वर्षं आधी फोनवरच्या अफवांच्या दिवसांत पाच माणसं ठेचून मारली गेली होती. रोज किती तास फोन हातात असतो, हा प्रश्न विचारून यातली कुठलीच घटना उलगडत नाही. तरीही फोनच्या वापराच्या बहुतेक पाहण्या तिथूनच सुरू होतात. शिवाय ते तासही भरवशाचे नसतात. डग्लस पॅरी आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित पडताळा छापला. माणसं स्वतःच्या वापराचा जो अंदाज सांगतात तो आणि फोनमध्ये नोंदलेला वापर यांचा मेळ बेताचाच बसतो, असं त्यातून दिसलं.

‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीने निराळे प्रश्न विचारले, म्हणून ती मला मोलाची वाटते. २०२४ साली तिचे स्वयंसेवक ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १७,९९७ गावांत गेले. पाहणीची गावं २०११च्या जनगणनेच्या यादीतून निवडली जातात. म्हणजे आयटी पार्कला खेटून वाढलेली गावंही या हिशेबात ‘ग्रामीण’च. १४ ते १६ वयाच्या ८९ टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेले ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेले ७६ टक्के. वर्तमानपत्रांनी एवढंच उचललं. मला त्यापुढचा आकडा अधिक बोलका वाटतो. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडेच. बाकीच्या मुली कोणाचा फोन वापरतात? वडिलांचा, भावाचा, आईचा. त्यावर काय पाहिलं, कोणाशी बोललं, हे घरातलं दुसरं कोणीही उघडून बघू शकतं. अशा फोनवरचा अर्धा तास आणि स्वतःच्या फोनवरचा अर्धा तास एकाच रकान्यात भरणं मला चुकीचं वाटतं.

आता त्या पाच माणसांकडे वळू. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरलेला. मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं पोचले. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या सुमारास व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथंच जीव जाईपर्यंत मारलं. त्या वर्षी देशात फिरलेली एक चित्रफीत तर कराचीच्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेच्या जनजागृतीच्या जाहिरातीतून कापलेली होती. मूळ फितीत मूल उचलून नेणारा मोटारसायकलवाला ते परत आणून देतो आणि फलक दाखवतो. तोच भाग छाटला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. कंपनीच्या अनुदानातून झालेल्या अभ्यासांत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांचा ‘व्हॉट्सॲप व्हिजिलांटीज’ हा २०१९चा अहवाल आहे. लोकांना फोन कळत नाही म्हणून ते फसतात, हे सोपं उत्तर त्यांनी नाकारलं. आधीपासून मनात असलेला पूर्वग्रह आणि निरोप आपल्या माणसाकडून आलेला असणं, याचं वजन त्यांना जास्त आढळलं. राईनपाड्याकडे पाहताना मला हे पटतं. भटक्या जमातींकडे संशयाने बघण्याची सवय फोनच्या कितीतरी आधीची आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं.

फोन बंद ठेवण्याचे प्रयोगही झाले. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं २०२२पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. गावाने मिळून ठरवलं म्हणून ते चाललं, आणि मला त्याचं कौतुक आहे. पण साडेआठनंतर येणाऱ्या निरोपाचं काय करायचं, हे भोंगा सांगत नाही.

ते शिकवता येतं का? सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९च्या निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये १,२२४ जणांवर प्रयोग केला. खोटी बातमी कशी ओळखावी, याचं तासाभराचं प्रशिक्षण घरी जाऊन दिलं. सरासरीत फरक पडला नाही. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह बिहारमध्येच ५८३ गावांतल्या सुमारे १३,५०० किशोरवयीन विद्यार्थ्यांमध्ये काही महिने चालणाऱ्या वर्गांचा प्रयोग केला. ‘जीविका’ या सरकारी उपक्रमाच्या वाचनालयांत ते भरले. या वेळी फरक पडला, आणि महिन्यांनंतरही टिकला. शिवाय वर्गात न बसलेल्या आईवडिलांचीही खरंखोटं ओळखण्याची क्षमता सुधारलेली दिसली. ज्या नात्यांच्या भरवशावर अफवा घरात शिरते, त्याच नात्यांतून पोरांनी शिकलेलं घरात पोचलं.

महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालची अनुदानित वाचनालयं गावोगावी आहेत. असा वर्ग मुळशीत पहिल्यांदा भरवायचा, तर मी मारुंजी सुचवीन: मूळ गावातली, टॉवरमधली आणि मजुरांच्या खोल्यांमधली पोरं एका सतरंजीवर. पहिल्या दिवशी त्यांना दोनच प्रश्न विचारावेत. तुझ्या हातातला फोन कोणाचा? आणि त्यावर आलेल्या कोणाच्या निरोपावर तू न विचारता विश्वास ठेवतोस, ठेवतेस?