बाळ सुखरूप आहे. बाळंतीण कशी आहे?

पाहुणे येतात ते बाळाला बघायला. वजन किती, नाक कुणासारखे, दूध पुरते का, ही सगळी चौकशी रीतसर होते. बाळंतिणीला विचारतात ते एवढेच, की टाके दुखतात का आणि डिंकाचे लाडू खातेस ना? मूल झोपले तरी आपल्याला झोप येत नाही, मुलाला जवळ घेताना काहीच वाटत नाही, उगाच धडधडते, हे ती बोलत नाही. बोललीच तर उत्तर ठरलेले असते: ‘आम्ही चार-चार बाळंतपणे काढली, तुझे एकाचे एवढे काय?’

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे, चिडचिड होणे हे अनेकींच्या बाबतीत घडते. शरीरातील संप्रेरके एकदम उतरतात, त्यात जागरण. हे साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यासाठी औषध लागत नाही. विश्रांती आणि दोन गोड शब्द पुरतात. पण उदासी दोन आठवड्यांच्या पुढे टिकली, भूक गेली, कशातच रस वाटेना, ‘मी आई व्हायला नालायक आहे’ असे सारखे मनात येऊ लागले, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार आहे. तो हट्ट नव्हे, आळस नव्हे आणि ‘बाहेरचे काही लागलेले’ तर नाहीच. रक्त कमी असले किंवा थायरॉइडचा बिघाड असला तरीही अशीच मरगळ येते, म्हणून डॉक्टर आधी त्या तपासण्या करून घेतात.

आपल्या शेजारच्या गोव्यात याचा नीट अभ्यास झाला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. म्हणजे चौघींत जवळजवळ एक! त्यातल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाली म्हणून मिळणारी वागणूक, ही त्यामागची ठळक कारणे होती. मुलगी झाल्यावर पेढ्यांऐवजी बर्फी वाटून समाधान मानणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आता आपल्या मीरा-भाईंदरकडे पाहू. २००१ साली सव्वापाच लाखांच्या आत असलेली शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या पुढे गेली. म्हणजे इथली बहुतेक कुटुंबे बाहेरून येऊन वसलेली. कोणाचे माहेर कोकणात, कोणाचे उत्तर प्रदेशात, कोणाचे राजस्थानात. पहिल्या बाळंतपणाला माहेर असते, दुसऱ्याला बहुधा नसते. नवरा सकाळची लोकल पकडून जातो तो रात्री परत येतो. उत्तनच्या कोळीवाड्यात निदान आत्या-मावश्या हाकेच्या अंतरावर असतात. मीरा रोडच्या सातव्या मजल्यावर बंद दाराआड मूल आणि आई, दोघेच. आपला सव्वा महिन्याचा जुना रिवाज, शेक-शेगडीचा धूर वगळला तर, मुळात शहाणपणाचा होता. बाईला कामातून सुटका होती आणि तिच्याजवळ सतत कोणीतरी असायचे. मालीशवाली आता पैसे देऊन मिळते, पण जवळ बसणारे माणूस मिळत नाही.

हे माणूस गावातूनच उभे करता येते, हेही गोव्याने दाखवले आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. अतीफ रहमान यांनी तिथल्या आरोग्यसेविकांना साधे समुपदेशन शिकवले. २००८ साली आलेल्या निष्कर्षांत, ज्यांच्या घरी या सेविका जात त्या मातांपैकी सहा महिन्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य उरले होते. इतर मातांमध्ये ते प्रमाण ५३ टक्के होते. पुढे गोव्यात ‘संगत’ संस्थेने याच पद्धतीने साध्या गृहिणींना तयार केले. त्यांना ‘सखी’ म्हणत. गर्भारपणापासून मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत सखी घरी जाई, ऐकून घेई, घरच्यांनाही सोबत बसवी. २०१९ साली प्रसिद्ध झालेला तिथला फरक रावळपिंडीइतका मोठा नव्हता, पण सखी मिळालेल्या स्त्रियांत पूर्ण बऱ्या झालेल्या अधिक होत्या. आणि या सखींजवळ मानसोपचाराची पदवी नव्हती, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे आशाताई आहेतच. दवाखान्यात बाळंतपण झाले की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे, असे सहा भेटींचे वेळापत्रक त्यांना आखून दिलेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घडवलेल्या पद्धतीवर ते बेतलेले आहे. या भेटीत आईचा ताप, स्राव, झटके, असंबद्ध बोलणे याची नोंद होते. मात्र उदासीची चौकशी त्यात ठळकपणे येत नाही. तिथे दोनच प्रश्न वाढवले तरी पुष्कळ साधेल: गेल्या महिन्यात मन सारखे खिन्न, निराश होते का? आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नव्हता का? उत्तर ‘हो’ आले, तर डॉक्टरांकडे पाठवायचे. अडचण अशी, की शहरातल्या आशा प्रामुख्याने चाळी-झोपडपट्ट्यांसाठी नेमलेल्या असतात. इमारतींतल्या बाळंतिणीकडे कोण जाणार? इथे सोसायटीच्या महिला मंडळाने हळदीकुंकवाइतकाच उत्साह दाखवावा. आठवड्यातून दोनदा एकीने जाऊन तासभर मूल सांभाळायचे, आईला झोपू द्यायचे. सल्ले द्यायचे नाहीत.

औषध लागले तर घाबरू नये. अंगावर पाजतानाही चालणारी नैराश्यावरची औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि मनाने बंद करू नयेत.

एक मात्र तातडीचे. हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, भास होतात, ती असंबद्ध बोलते, झोपतच नाही, मुलाबद्दल भलतेसलते संशय घेते. अशा वेळी, किंवा तिने जीव द्यायची भाषा केली तर, तिला मुलासह एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अंगारे-धुपाऱ्यांत रात्र घालवू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. इतर वेळी सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास, विनामूल्य चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. फोन बाळंतिणीनेच करायला हवा असे नाही. नवरा, सासू किंवा शेजारीणही करू शकते.