सशाचे एक वर्ष म्हणजे माणसाची किती? समजून घ्या वयाचे गणित

काटोल : बैल दोनदाती की चारदाती, हे पाहून शेतकरी त्याचे वय सांगतो. घरातल्या सशाला ही युक्ती चालत नाही. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि चावून झिजतात, त्यामुळे दातांवरून वय कळत नाही. म्हणून पिल्लू घरी आणल्याची तारीख लिहून ठेवावी.

गणित कसे?
'एका वर्षाला सात' हा हिशेब सशाला लागू होत नाही, कारण त्याचे बालपण काही महिन्यांतच संपते. ढोबळ अंदाज असा : पहिले वर्ष म्हणजे माणसाची २१ वर्षे, पुढे दरवर्षी सहा.

• १ वर्ष : २१
• ३ वर्षे : ३३
• ५ वर्षे : ४५
• ८ वर्षे : ६३
• १० वर्षे : ७५

पाळीव ससा साधारण ८ ते १२ वर्षे जगतो. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात फ्लॉप्सी नावाचा ससा १८ वर्षांहून अधिक जगल्याची गिनीज बुकात नोंद आहे.

वयानुसार काय बदलते?
चौथ्या महिन्याच्या आसपास ससे वयात येतात, तेव्हा नर-मादी वेगळे ठेवावेत. मादी सुमारे ३१ दिवसांत विते. नसबंदी न केलेल्या मादीला चौथ्या वर्षानंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पाच-सहा वर्षांचा ससा उडी मारणे टाळू लागला, तर 'शांत झाला' असे समजू नये. सांधे दुखत असू शकतात.

उन्हाळा आणि आहार
सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा तिशीपुढे गेला की त्याला त्रास होतो, आणि काटोलचा मे महिना तर ४५ अंशांजवळ जातो. म्हाताऱ्या सशाला हा ताप अधिक जड जातो. त्याला सावलीत, गार फरशीवर किंवा कूलरच्या खोलीत ठेवावे. थंड पाण्यात बुडवू नये. रोजचे मुख्य खाणे गवतच हवे. घरात संत्री भरपूर असली तरी सशाला एखादी फोड, तीही क्वचितच.

बारा तास काहीच खाल्ले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

पिल्लू आणण्याआधी एवढा हिशेब करावा : पाचवीतल्या मुलासाठी आणलेला ससा ते मूल कॉलेजात जाईपर्यंत घरात राहू शकतो.