भिंतीवर मूर्ती नाही, अक्षरं: अरबी सुलेखनाला इस्लाममध्ये इतकं महत्त्व का?

२५ फेब्रुवारी २०२४. पाकिस्तानातल्या लाहोरमध्ये बाजारात आलेल्या एका महिलेला जमावाने घेरलं. कारण होतं तिचा ड्रेस. त्यावर वळणदार अरबी अक्षरं छापलेली होती आणि लोकांना वाटलं, या कुराणाच्या आयती आहेत. पोलिसांनी तिला कसंबसं गर्दीतून बाहेर काढलं. ड्रेसवर प्रत्यक्षात शब्द होता 'हलवा'. अरबीत त्याचा अर्थ गोड, सुंदर.

अर्थ न कळताही लोकांना ती अक्षरं पवित्र वाटली. असं का झालं? त्यासाठी अरबी सुलेखन, म्हणजेच कॅलिग्राफी, समजून घ्यावी लागेल.

अक्षरांनाच एवढा मान का?

मुस्लिमांच्या श्रद्धेनुसार कुराण हे अल्लाहचे शब्द आहेत आणि ते पैगंबर मुहम्मद यांच्यापर्यंत अरबीतच आले. त्यामुळे ते शब्द सुंदर लिहिणं हीसुद्धा भक्ती ठरली. कुराणाच्या ६८व्या अध्यायाचं नावच 'अल-कलम', म्हणजे लेखणी.

दुसरं कारण मशिदीत दिसतं. तिथे माणसांची किंवा प्राण्यांची चित्रं नसतात. मग भिंती सजवायच्या कशाने? अक्षरांनी, वेलबुट्टीने आणि भौमितिक नक्षीने.

अंबरनाथ ते विजापूर

अंबरनाथचं शिवमंदिर तुम्ही पाहिलं असेल. इ.स. १०६० च्या या मंदिराच्या बाहेरच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. आता विजापूरचा इब्राहिम रोजा बघा. आदिलशाहीतला सुलतान इब्राहिम आदिलशाह दुसरा याची ही कबर. तो १६२७ मध्ये वारला. इथेही भिंती भरलेल्या आहेत, पण दगडात कोरलेल्या अक्षरांनी. खिडक्यांच्या काही जाळ्या तर अक्षरांच्याच आहेत. दगड असा कापलाय की अक्षरांच्या मधल्या फटींतून उजेड आत येतो.

म्हणजे मुस्लिम राजांना चित्रांचं वावडं होतं का? अजिबात नाही. याच इब्राहिमची अनेक व्यक्तिचित्रं त्याच्या दरबारातल्या चित्रकारांनी काढली. दरबारात चित्र चालायचं, प्रार्थनेच्या जागी अक्षर.

लिहितात कसं?

साधन आपल्या ओळखीचं आहे: बोरू. आपल्याकडे मोडी लिहायलाही तोच वापरायचे. बोरूचं टोक तिरकं कापतात. ते कागदावर एकदा टेकवलं की चौकटच्या पत्त्यावर असतो तसा ठिपका उमटतो. हा ठिपका म्हणजे मोजपट्टी. 'अलिफ' हे उभं अक्षर किती ठिपक्यांचं असावं हे ठरलेलं असतं आणि बाकीची अक्षरं त्या मापात बसवतात. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला याने ही पद्धत बसवली, असं मानलं जातं.

शैलीही वेगवेगळ्या आहेत. कुफी कोनाकोनांची, जुन्या कुराणप्रतींमधली. नस्ख वाचायला सोपी, म्हणून आजची बरीच छापील कुराणं तिच्यात असतात. सुलुस उंच आणि डौलदार, इमारतींवर शोभणारी. नस्तालीक इराणमध्ये घडली आणि ती मुख्यतः फारसी-उर्दूसाठी वापरतात.

शिष्य वर्षानुवर्षं कित्ते गिरवतो. परंपरेनुसार गुरूने 'इजाजा', म्हणजे परवानगी, दिल्यावरच तो आपल्या कामाखाली सही करतो. २०२१ मध्ये युनेस्कोने १६ देशांच्या प्रस्तावावरून अरबी सुलेखनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मग अरबी अक्षरं दिसली की ती धार्मिकच?

नाही. या लिपीत कुराण लिहिलं जातं, तसंच दुकानाची पाटी, प्रेमपत्र आणि औषधाची चिठ्ठीही लिहिली जाते. अरबी ख्रिश्चनांचं बायबलही याच लिपीत आहे. उर्दूची लिपी याच कुळातली.

आपल्याकडेही हा गोंधळ झाला आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू होती. त्याविरोधातलं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने पाटी कायम ठेवली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे स्पष्ट केलं.

लाहोरमध्ये त्या लिपीच्या आदरापोटी लोक चिडले, आपल्याकडे बऱ्याचदा संशयापोटी चिडतात. दोन्हीकडे चूक एकच: न वाचता अर्थ लावणं. त्यामुळे अशा अक्षरांचा फोटो किंवा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला, तर फॉरवर्ड करण्याआधी ती लिपी येणाऱ्या कुणाला तरी एकदा विचारा, "यात लिहिलंय काय?"