रांचेरिया : मुक्कामाचे नाव, हक्काची जमीन

रेडिंग रांचेरिया, बिग व्हॅली रांचेरिया, विल्टन रांचेरिया. कॅलिफोर्नियाच्या नकाशावरची ही नावे वाचून कुणालाही ‘रँच’ आठवेल आणि गुरांची कुरणे डोळ्यांपुढे येतील. पण या मूळनिवासी जमातींच्या वस्त्या आहेत.

स्पॅनिशमधल्या ‘रांचो’ या शब्दाला अनेक अर्थ आहेत : सैनिकांसारख्या पुष्कळ जणांसाठी एकत्र शिजवलेले जेवण, उघड्यावरचा मुक्काम, साधी झोपडी. अशा झोपड्यांचा पुंजका म्हणजे रांचेरिया. आपल्याकडच्या ‘तांडा’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. बंजाऱ्यांच्या फिरत्या काफिल्याचे नाव पुढे त्यांच्या कायमच्या वस्तीला चिकटले. स्पॅनिश सैनिक आणि मिशनरी कॅलिफोर्नियात आले, तेव्हा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नांदत्या गावांनाही हेच मुक्कामाचे नाव दिले. त्यातला तुच्छभाव आजही बोचतो.

अमेरिकी राजवटीत या शब्दाला कायद्याचे वजन आले. १८५१-५२ मध्ये सरकारने तिथल्या जमातींशी १८ करार करून मोठ्या राखीव जमिनी देऊ केल्या. सिनेटने ते करार फेटाळले आणि कागदपत्रे १९०५ पर्यंत गोपनीय ठेवली. अर्धशतकाहून अधिक काळ ही माणसे आपल्याच मुलखात बेघर होती! अखेर १९०६ पासून सरकारने त्यांच्यासाठी जमिनीचे लहान लहान तुकडे विकत घेतले. त्या तुकड्यांनाच रांचेरिया म्हणू लागले.

तिथेही त्यांना फार दिवस सुखाने राहू दिले नाही. १९५८ च्या कायद्याने ४१ रांचेरियांची जमीन रहिवाशांत वाटून टाकायची आणि जमात म्हणून त्यांची मान्यता संपवायची, असे ठरले. बदल्यात पाणी, रस्ते, सांडपाण्याची सोय मिळणार होती. अनेक ठिकाणी ती आलीच नाही. जमिनींवर मात्र कर लागला आणि कित्येकांच्या हातून त्या गेल्या.

पाइनोलव्हिल रांचेरियातल्या टिली हार्डविक या पोमो जमातीतल्या स्त्रीने १९७९ मध्ये सरकारला न्यायालयात खेचले. १९८३ च्या तडजोडीत १७ रांचेरियांना मान्यता परत मिळाली. एका बाईच्या नेटाने इतक्या वस्त्या पुन्हा कागदावर जिवंत झाल्या, ही गोष्ट साध्या कौतुकाने सांगून भागण्यासारखी नाही.

परक्यांनी दिलेला हा शब्द अनेक जमातींनी अधिकृत नावात जपला, कारण जमिनीवरचा हक्क त्याच नावाने नोंदलेला होता. त्या १७ मध्ये नसलेल्या विल्टन रांचेरियाला मात्र मान्यता परत मिळवण्यासाठी २००९ पर्यंत थांबावे लागले.