फाशांच्या फडातील डावपेच

जिंतूरच्या परिसरात, पूर्णेकाठच्या गावांतून जत्रेला कुस्त्यांचा फड लागला, की हलगीच्या कडकडाटात कडेला बसलेला साधा शेतकरीसुद्धा कोणत्या मल्लाने डाव घाईने टाकला आणि कोणी त्याची तोड वेळेवर काढली हे ज्या अधिकारवाणीने सांगतो, ती पारख कागद, पेन्सिल आणि फासे यांवर चालणाऱ्या एका परदेशी खेळाच्या आकलनासही पुरेपूर उपयोगी पडेल, अशी माझी दृढ समजूत आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकी गृहस्थांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. चार-पाच मंडळी मेजाभोवती बसतात, एक सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, बाकीचे आपापल्या पात्राची कृती तोंडी सांगतात, आणि यशापयशाचा निवाडा वीस बाजूंच्या फाशाकडे सोपवला जातो. आरंभीच्या नियमांत मांत्रिकाजवळ मंत्रांचा मुबलक साठा असताना योद्ध्याच्या वाट्याला वार करण्यापलीकडे फारसे काही येत नसे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र ‘बॅटल मास्टर’ नावाच्या योद्ध्याला तिसऱ्या पायरीवर तीन डाव आणि आठ बाजूंचे चार फासे बहाल होतात. प्रत्येक डावापायी एक फासा खर्ची पडतो आणि तासाभराच्या विश्रांतीवाचून तो पुन्हा जमा होत नाही.

शत्रूला पाडण्याचाच डाव घ्या. वार लागल्यावर योद्धा फासा खर्च करतो, त्यावरचा आकडा जखमेत मिळवतो, आणि शत्रूला तोल सावरण्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो. योद्ध्याच्या डावातून निसटण्यासाठी गाठायचा आकडा तेरा आणि शत्रूच्या बळाची भर दोन असेल, तर त्याला अकरा किंवा अधिक पडले पाहिजेत. म्हणजे संभव निम्मानिम्मा. पडलेल्या शत्रूला जवळून मारणारा दोन फासे टाकून मोठा आकडा धरतो. पण दुरून बाण सोडणाऱ्या सोबत्याला त्यातला लहान आकडा पत्करावा लागतो. शिवाय कुस्तीत मल्ल चीतपट झाला की निकाल लागतो. येथे मात्र पडलेला शत्रू आपली पाळी येताच निम्मी चाल खर्चून उठतो. म्हणून ज्याच्या पाठोपाठ शत्रूचीच पाळी आहे, त्या योद्ध्याने हा डाव टाकणे म्हणजे हातची शिल्लक उधळणे होय. राक्षसी देहाच्या प्रतिस्पर्ध्यावर तर तो चालतच नाही.

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांची ख्याती ज्या ढाक या डावामुळे झाली, त्याचेही सामर्थ्य केवळ दंडांत नव्हे, तर क्षण साधण्यात होते. मला फाशांच्या खेळात मात्र एक उणीव जाणवते, ती ही, की आपला एक पाय धरून एकेरी पट काढायला वाकलेल्या मल्लाची मान दाबून आपला पाय मागे खेचणे ही तोड जशी मातीत शिकवली जाते, तशी तोड निवडण्याची मुभा येथे शत्रूला नसते. त्याचे सारे रक्षण फाशावरच सोपवलेले असते. अशा तोडीच्या त्यातल्या त्यात जवळचा, योद्ध्याचाच एक डाव म्हणजे ‘रिपोस्ट’: शत्रूचा हातघाईचा वार हुकताच, आपली पाळी नसतानाही, फासा खर्चून उलट वार करता येतो, मात्र फेरीत एकदाच. फडातल्या माणसाला हा डाव पहिल्याच बैठकीत आवडेल.