हात हलवा, दिवा लावा!

आईच्या नाहीतर बाबांच्या ऑफिसात गेलात, तर एक गंमत बघायला मिळेल. एखादे काका मान खाली घालून मन लावून काम करतायत आणि फटकन दिवे गुल! मग काका खुर्चीत बसल्या बसल्याच दोन्ही हात वर करून हलवतात. झाला उजेड! गप्पा मारत इकडून तिकडे हिंडणाऱ्यांवर मात्र हे दिवे कध्धी रुसत नाहीत. आहे की नाही अन्याय?

ही करामत छतावरच्या छोट्याशा पांढऱ्या डबीची, म्हणजे सेन्सरची. तिच्यात बहुतेक वेळा कॅमेरा नसतोच. तिला ना चेहरा दिसतो, ना शर्ट. तिला कळते फक्त ऊब. आपल्या अंगातून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. डोळ्यांना न दिसणारे हे किरण विल्यम हर्शेल यांनी 1800 साली शोधले. पण आपल्या सह्याद्रीतल्या चापडा सापाला ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक! डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळगीने तो अंधारातही उबदार भक्ष्य हेरतो.

डबीत दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. ऊब कमीजास्त झाली की त्यांच्यात किंचित वीज तयार होते. पण त्या जोडलेल्या असतात उलटसुलट, रस्सीखेचीतल्या दोन संघांसारख्या. दोघींवर एकदम सारखीच ऊब पडली तर दोर जागच्या जागी. तुम्ही समोरून गेलात की ऊब आधी एकीवर पडते, मग दुसरीवर. दोर सरकला, दिवा लागला!

आता डबीचं झाकण निरखून बघा. त्यावर खवले खवले दिसतील. प्रत्येक खवला म्हणजे एक भिंग, आणि प्रत्येकाचा खोलीतला पहाऱ्याचा पट्टा वेगळा. पट्टा ओलांडलात की डबीला पत्ता लागतो. काकांची बोटं कीबोर्डवर पळतात खरी, पण पट्टा काही ओलांडत नाहीत. डबी ठरलेली मिनिटं वाट बघते आणि खोली रिकामी समजून दिवे घालवते. ही मिनिटं इलेक्ट्रिशियनकाका वाढवून देऊ शकतात. रोज कवायत करण्यापेक्षा ते बरं!

तुमच्या सोसायटीच्या जिन्यात भिंतीवर असा सेन्सर असेल, तर आधी हळूहळू थेट त्याच्या दिशेनं चाला, मग त्याच्यासमोरून आडवे जा. आडवं जाणाऱ्याला तो चटकन पकडतो. आणि मध्ये खिडकीची बंद काच असेल, तर तिच्याआड खुशाल नाचा. तुमच्या अंगातले हे किरण काचेतून पार जातच नाहीत!